एका ठोक्याचं घर

"ही थाळी कुठल्या ढिगात टाकू?" अक्कानं विचारलं.

घरात तीन ढीग होते. न्यायचा, द्यायचा आणि टाकायचा. अक्का आदल्या दिवशी सांगलीहून आली होती आणि आल्या आल्या तिनं माझ्या बावन्न वर्षांच्या संसाराचे असे तीन भाग पाडले होते. न्यायचा ढीग ती वाढूच देत नव्हती. तिच्या फ्लॅटमधली मला मिळणारी खोली तिनं स्वतः टेप लावून मोजली होती. त्यात शिवणाचं मशीन, एक कपाट आणि मी एवढंच मावतं, हे मला तीनदा सांगून झालं होतं.

थाळी पितळेची. मधोमध चेपून खोल गेलेली, काठाला चीर.

"न्यायच्या ढिगात," मी म्हटलं.

"हिच्यात जेवणार आहेस?"

"नाही. शेजारची आहे ती."

"शेजारी मोबाईलचं दुकान आहे, कांचे."

ते खरंच होतं. पण त्या दुकानाच्या जागी वीस वर्षांपूर्वीपर्यंत टिकेकरबाईंचं घर होतं, आणि जयसिंगपूरच्या आमच्या त्या गल्लीत पहिला फोन त्यांच्याकडं आला होता. अक्कानं थाळी उलटी करून पाहिली. तिला ओळख पटली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं ती कुठल्याच ढिगात टाकली नाही. मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली.

त्या थाळीची एक गोष्ट मी अक्काला चाळीस वर्षं सांगितली नव्हती. आणि ती गोष्ट तिच्याच लग्नाची होती.

टिकेकरबाई एकट्या राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेली, लग्न न केलेली बाई. कुठल्या गावाचं एक्स्चेंज ते त्या कधी सांगत नसत. पांढऱ्या पातळाला निळा काठ, दोन्ही कानांच्या वर केसांत हेडफोनच्या पट्टीनं पडलेली खाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी फोन घेतला, आणि त्यांना फोन करणारं जगात कुणीच नव्हतं. मग तो गल्लीचा फोन झाला. सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यांना तोच नंबर दिला.

फोन आला की बाई ओट्यावर येऊन थाळीवर पळी मारायच्या. एक ठोका म्हणजे आम्ही उगारे. दोन म्हणजे पलीकडचे चौगुले. तीन म्हणजे कोपऱ्यावरचे रसूलचाचा शिंपी. ठोका ऐकू आला की ज्याचा फोन तो धावायचा. बाई त्याला खुर्ची द्यायच्या आणि स्वतः परसात जाऊन उभ्या राहायच्या, उन्हात सुद्धा. बोलणं संपल्याशिवाय आत यायच्या नाहीत. एकदा चौगुलेकाकू माहेरच्यांशी पाऊण तास भांडल्या, तेव्हा बाईंनी परसातली सगळी अबोली वेचून, गुंफून संपवली.

"ऐकायचं नाही," त्या मला सांगायच्या. "आणि ऐकलं तर सांगायचं नाही. लोक आपल्या भरवशावर बोलत असतात."

मला त्यांनी हे सांगायचं कारण, मी दिवसभर त्यांच्याकडंच असायची. माझं शाळेशी फारसं पटत नव्हतं. पुढं तर शाळेनं आणि मी एकमेकींचा नादच सोडला. वाचायला मी शिकले ते बाईंच्या कपाटातल्या पुस्तकांवर. ठोका कुणाचाही असो, पहिली धावत जाणारी मीच.

मी बारा वर्षांची होते, अक्का वीसची. निपाणीच्या भोज्यांकडून तिला मागणी आली. तंबाखूची वखार, दोन मजली घर, एकुलता एक मुलगा. मुलगा, त्याचे आई-वडील येऊन अक्काला बघून गेले, पसंती आली. आमचे अण्णा बाजारात अडत्याकडं दिवाणजी. एवढं मोठं घर आपल्या उंबऱ्यात आलेलं पाहून ते आठ दिवस हळू आवाजात बोलत होते, जणू मोठ्यानं बोललं तर स्थळ उडून जाईल. अक्काला मुलगा आवडला होता. ती काही बोलली नव्हती, पण भाजी निवडताना गुणगुणत होती, आणि अक्का गुणगुणते हे आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

त्या आठवड्यात माझ्या तळव्यात काच घुसली होती. मी एका पायावर लंगडत होते. बुधवारी दुपारी बाईंच्या ओट्यावर ठोका पडला. एक.

मी लंगडत गेले. बाई म्हणाल्या, निपाणीहून ट्रंक कॉल आहे, अण्णांना बोलाव. अण्णा रसूलचाचांकडं कोटाचं माप द्यायला गेलेले. बाईंनी माझ्या पायाकडं बघितलं.

"तू बस. मी बोलावते. रिसिव्हरला हात लावू नकोस."

रिसिव्हर टेबलावर क्रोशाच्या रुमालावर आडवा ठेवलेला होता. आतून बारीक बोलणं ऐकू येत होतं. हात लावू नकोस म्हणाल्या होत्या. मी हात नाही लावला. कान लावला.

मुलाची आई बोलत होती. आवाज लगेच ओळखला. अक्काला बघायला आल्या तेव्हा त्याच माझी वेणी धरून म्हणाल्या होत्या, ही धाकटीबी गोड हाय.

"फोटू काढला न्हवं सोप्यातला?"

"कवाच काढलाय," हा मुलाच्या वडिलांचा आवाज.

"आन खिळा?"

"खिळा निघंना. पोपडाच यायला लागला भिंतीचा."

"मग त्येला कॅलेंडर अडकवा. ऐतवारी मानसं घर बघाय येनार. आन पोराला सांगून ठेवा, पहिलीचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई."

मग त्या बाई थकल्यागत म्हणाल्या, "जित्ती हुती तवा तरास, मेल्यावरबी तरासच हाय तिचा."

ओट्यावर चपला वाजल्या. मी टेबलापासून लांब सरकले. अण्णा आले, धाप लागलेले, गळ्यात रसूलचाचांची टेप तशीच लोंबत होती. फोनवर ते "होय, होय" आणि "आनंद आहे" एवढंच बोलले. रविवारी घर बघायचं, पुढच्या शुक्रवारी साखरपुडा. रिसिव्हर ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी ठेवला.

ते गेले. बाई परसातून आत आल्या. मी तिथंच.

"काय गं, पाय दुखतोय का?"

मी सगळं सांगितलं. बाई चिडतील म्हणून भिंतीकडं बघून सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"परत सांग. तुझा एकही शब्द नको. त्यांचं जसंच्या तसं."

मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. नंबर पडताळून घ्यावा तसं त्या ओठ हलवत माझ्यामागून म्हणत होत्या. खिळा. कॅलेंडर. पहिलीचं नाव. मग त्यांनी क्रोशाचा रुमाल उचलून फोनवर टाकला. तो रुमाल एरवी फोनच्या खाली असायचा.

"तू घरी जा. कुणाला बोलू नकोस."

"पण अक्का..."

"घरी जा म्हटलं ना."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. बाई ओट्यावर दिसल्या, तुळशीला पाणी घातलं, चौगुल्यांसाठी दोन ठोके मारले. घरात अक्का साखरपुड्याच्या साडीला फॉल लावत होती. मी तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देत होते. आईला सांगायला गेले, तर ती पाकातल्या पुऱ्यांत गुंतलेली, म्हणाली, पाय धुऊन ये आधी. मला बाईंचा इतका राग आला की शुक्रवारी मी त्यांच्याकडं गेलेच नाही. नियम म्हणे. नियमाला काय अक्कापेक्षा जास्त किंमत आहे?

शनिवारी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या.

त्या कुणाच्या घरी जात नसत. अण्णा गडबडून उठले, आईनं पाट मांडला. बाईंचं पातळ परीटघडीचं होतं. त्या पाटावर बसल्या नाहीत.

"अण्णासाहेब, निपाणीच्या मुलाचं हे दुसरं लग्न आहे. पहिली बायको वारली. त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?"

अण्णा एक पाऊल पुढं आले. "कोण म्हणतं असं?"

"त्यांच्याच तोंडून आलंय. बुधवारी तुम्ही फोनवर येईपर्यंत ते आपापसात बोलत होते. फोटो उतरवून त्या खिळ्याला कॅलेंडर लावायचं ठरलंय. उद्या जाल तेव्हा बघा."

"पण तुम्हाला कसं..." अण्णा थांबले. मग त्यांचा आवाज बदलला. "बाई, म्हणजे तुम्ही फोन ऐकता होय आमचे?"

मी दाराआड होते. मी पुढं यायला लागले. बाईंनी अण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि मान जेमतेम हलवली. नाही.

"ऐकला," त्या म्हणाल्या.

एवढंच. आईनं आणलेलं ताक तसंच राहिलं आणि बाई गेल्या. अण्णा मग तासभर घरात फेऱ्या घालत बोलत होते. एकट्या बाईमाणसाला दुसऱ्याच्या मुलीचं चांगलं झालेलं बघवत नाही, असंही बोलले. ते त्यांनी नंतर कधी आठवलं असेल की नाही, कोण जाणे. मला आठवतं.

रविवारी निपाणीला अण्णा, मामा आणि मी. मी इतकी रडले होते की मला नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घर मोठं होतं, पुढचा बैठकीचा सोपा ऐसपैस. आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. चालू महिन्याचं, नवं कोरं, पण पार आढ्याजवळ लावलेलं. तिथली तारीख फक्त पालीला वाचता आली असती.

पोहे आले. गप्पा ऊसदरावर गेल्या. अण्णा पोह्यांना हात न लावता वर बघत होते. मग उठले. आमचे अण्णा बुटके. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"काय पाहिजे, पाहुणं?" मुलाचे वडील म्हणाले.

"काही नाही. शुक्रवारी तिथी काय येते ते बघतो."

स्टुलावर चढून त्यांनी कॅलेंडर खालून धरलं आणि नुसतं वर उचललं. मागं भिंतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. फोटोच्या फ्रेमएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंना खाली येणाऱ्या दोन फिक्या रेघा होत्या, हार घासून पडतात तशा.

अण्णांनी कॅलेंडर हळूच सोडलं. खाली उतरले. स्टूल जागेवर ठेवलं. मुलगा मान खाली घालून बसला होता. खरं सांगायचं तर त्याचीच मला तेव्हा दया आली. चहा यायच्या आत आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला मामांनी विचारलं. तो म्हणाला, होती की पहिली, दीड वर्षात गेली. कशानं गेली, असं विचारल्यावर तो पान लावत राहिला. आम्ही न सांगितलेली पानंही लावली त्यानं.

अक्का दोन दिवस जेवली नाही. मग जेवली. दीड वर्षानं सांगलीला तिचं लग्न झालं. दाजी वाचनालयात नोकरीला. घर लहान, माणूस असा की अजून अक्काच्या आधी उठून चहा करतो.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण अण्णांना उपकार फेडायची घाई झाली. नारळ आणि खण घेऊन ते बाईंकडं गेले, आणि परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आले. बाईंनी फोन ऐकला म्हणून आमची पोरगी वाचली बघा. मोठ्या कौतुकानं सांगितलं त्यांनी. गल्लीनं मान डोलावली, बरं झालं म्हणाली, आणि त्यातलं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

नळावर चौगुलेकाकू म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या माहेरचं सगळं पाठ असंल की बाईंना. एकदा परीक्षाच घ्यायला पाहिजे." बायका हसल्या. मग चौगुल्यांचे फोन यायचे थांबले. त्यांनी पाहुण्यांना बाजारातल्या दुकानाचा नंबर दिला. बाकीच्यांनीही तेच केलं. अण्णासुद्धा पोस्टात जाऊन फोन करायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, तिथं लाईन चांगली लागते. माझ्याकडं बघितलं नाही.

रसूलचाचांनी मात्र पाटीवरचा नंबर बदलला नाही. लोक बोलले, तर म्हणाले, "माझ्या फोनात गुपित काय आहे? कुणाची बाही आखूड, कुणाचा काजा मोठा. ऐकू देत की बाईंना." पण त्यांना फोन महिन्यातून एखादा. बाई तीन ठोके इतके जोरात मारायच्या की अख्खी गल्ली दचकायची. थाळी चेपली ती त्या वर्षात.

मी एकदा म्हटलं, मी जाऊन नळावर सांगते, मीच ऐकलं म्हणून.

बाई चष्मा पुसत होत्या. "सांगून काय होईल? तुला लग्न होईपर्यंत कान लावणारी म्हणतील. मला आता कोण काय म्हणणार?"

"म्हणतातच की."

"ऐकू येतं मला," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांचे कान आहेत."

मी सांगितलं नाही. बारा वर्षांची होते तेव्हा भीती वाटली म्हणून, आणि नंतर उशीर झाला म्हणून. माझं लग्न तर झालंच नाही, तेव्हा ती सबबही गेली. पुढं घरोघरी फोन आले. चौगुलेकाकू म्हाताऱ्या होऊन गेल्या. कुणाला काही आठवत नव्हतं. बाईंना तेवढं आठवत होतं, आणि मला.

शेवटच्या वर्षी बाईंची नजर गेली. मी रोज दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एके दिवशी वाचता वाचता मी थांबले आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. बुधवारी मी सांगितलं आणि तुम्ही शनिवारी आलात. तीन दिवस कशाला लागले?

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"नोकरीला लागून वर्ष झालं होतं मला," त्या म्हणाल्या. "एक कॉल जोडला. एका मुलीचं लग्न ठरवत होते. मुलाकडचे रिसिव्हर तसाच ठेवून आपसात जे बोलले, ते मी ऐकलं. त्या मुलीचं गाव मला माहीत होतं, नंबर माझ्यासमोर होता. नुसती वायर लावायची होती. मी नाही लावली. नियम होता." पेपराची घडी त्या बोटांनी चाचपत होत्या. "दोन वर्षांनी त्याच दोन नंबरांचा अर्जंट कॉल आला. ताबडतोब निघून या, म्हणाले. तोही मीच जोडला."

मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

"तीन दिवस त्यात गेले, कांचन. नियम मोडायला मला फार वेळ लागतो." मग त्या चक्क हसल्या. दात काढून ठेवलेले होते, त्यामुळं लहान मुलीसारख्या दिसल्या. "आणि गंमत बघ. अठ्ठावीस वर्षं मी ऐकलं आणि बोलले नाही, तर लोक मला विश्वासाची म्हणायचे. ऐकणारी ठरले ती या एकाच कॉलमुळं, जो मी ऐकलाच नव्हता."

त्याच दिवशी त्यांनी मला थाळी दिली. घरी ने, म्हणाल्या, कधी न फिरकलेला भाचा माझ्यामागं येऊन मोडीत घालेल.

हे सगळं मी अक्काला सांगितलं. रिकाम्या घरात, दोन ढिगांच्या मधे बसून. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. मला वाटलं होतं, अक्का रागावेल. बाई होत्या तोवर तिनं त्यांना दर दिवाळीला फराळ पाठवला होता, बाई गेल्यावर फोटोला हार घातला होता, आणि माझ्यासाठी मात्र खोली टेप लावून मोजली होती.

ती थाळीच्या खोलगट भागात बोट फिरवत राहिली.

"त्या खिळ्याला नंतर माझा फोटो लागला असता," ती म्हणाली.

मग ती उठली. पदर खोचला. टाकायच्या ढिगातून तिनं माझा मोडका पाट, आईची उखळी आणि रसूलचाचांनी दिलेली जुनी कात्री उचलून न्यायच्या ढिगात ठेवली. मी म्हटलं, मावणार नाही. ती म्हणाली, मी बघते.

कुलूप लावलं. किल्ली मोबाईलच्या दुकानात दिली. नवे मालक तिथूनच घेणार होते. टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी बसलो. थाळी पोत्यात घालू का, असं ड्रायव्हरनं विचारलं, तर अक्का नको म्हणाली. मांडीवर आडवी धरली.

गल्लीच्या तोंडाशी नवा गतिरोधक केलाय. त्यावर टेम्पो उडाला, आणि अक्काची पाटली थाळीवर आपटली.

एकच ठोका.

आम्ही दोघींनी एकदम मागं वळून बघितलं.